वाइनमधला कोंबडा आणि विजेची कुंडी: कॉक ओ व्हँची पार्श्वभूमी

फ्रेंच भाषेत अंडी देणाऱ्या कोंबडीला 'पूल' म्हणतात, बाजारात मिळणाऱ्या कोवळ्या चिकनला 'पुले' आणि आरवणाऱ्या कोंबड्याला 'कॉक'. 'कॉक ओ व्हँ' या जगभर पोहोचलेल्या रश्श्याच्या नावात यांपैकी तिसरा शब्द आहे. वाइनमधला कोंबडा. नाव इतकं साधं आहे, पण स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, हा पदार्थ करायला घेतलेल्या अनेकांचं गणित चुकतं ते या पहिल्याच शब्दापाशी. सामान सगळं बरोबर असतं, वाइन चांगली असते, वेळही सांगितल्याप्रमाणे आठ तास दिलेला असतो, आणि तरी झाकण काढल्यावर समोर येतं ते सुतासारखं सुटलेलं मांस आणि पाणचट, आंबूस, जांभळट पाणी. मग कुणी वाइनला नावं ठेवतं, कुणी भांड्याला.

माझ्या मते दोष दोघांचाही नाही. हा पदार्थ एका विशिष्ट पक्ष्यासाठी जन्माला आला आणि स्लो कुकर अगदी वेगळ्या गरजेतून, वेगळ्या लोकांच्या घरात सुचला. दोघांची गाठ पडली ती गेल्या पन्नासेक वर्षांत, तीही अमेरिकेच्या वाटेने, आणि तोवर मधल्या मधे कोंबडाच बदलला होता. ही हकिगत नीट माहीत असली, तर स्लो कुकरमध्ये काय आणि केव्हा घालायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

परसातला म्हातारा

शेतकऱ्याच्या परसात दहा-बारा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबड्या अंडी देतात म्हणून त्या सहसा कापल्या जात नाहीत, आणि कोंबडा पिल्लं हवीत म्हणून राखला जातो. तो तीन-चार वर्षांचा झाला, जोर ओसरला, त्याच्या जागी नवा तरणा कोंबडा उभा राहिला, की जुन्याची पाळी येते. हा पक्षी मोठा असतो, बऱ्याचदा तीन किलोंच्या पुढे. मांस गडद, चव खोल, पण चिवटपणा असा की भाजायला घेतला तर दात लागणार नाहीत. गावठी कोंबडा शिजवणाऱ्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. ब्रॉयलर पाऊण तासात होतो. मुरलेला गावठी कोंबडा प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही.

चिवटपणाचं कारण कोलॅजन. स्नायूंना बांधून ठेवणारं हे प्रथिन वय वाढेल तसं आपापसात घट्ट जोडलं जातं. साधारण साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळू लागतं आणि त्याचं जिलेटीन होतं, म्हणजे थंड झाल्यावर रस्सा ज्याने थिजतो ते. या कामाला आच कमी चालते, पण वेळ भरपूर लागतो. म्हाताऱ्या कोंबड्यात कोलॅजन जास्त म्हणून त्याचा रस्सा दाट, ओठांना चिकटणारा होतो. कोवळ्या पक्ष्यात ते मुळात कमी आणि नाजूक, त्यामुळे तासभरातच सगळं सुटून जातं आणि पुढचा प्रत्येक तास फक्त मांस कोरडं करतो.

फ्रान्सच्या बर्गंडी किंवा ओव्हेर्न्य प्रांतातल्या घरात या चिवट पक्ष्यासाठी हाताशी काय होतं? पिंपातली वाइन, बागेतले कांदे-गाजरं, लसूण, कोठीत टांगलेलं खारवलेलं डुकराचं मांस, आणि रानातून आणलेली अळंबी. कोंबड्याचे तुकडे रात्रभर वाइनमध्ये मुरत ठेवायचे, सोबत थाइम, पार्स्ली आणि लॉरेलचं पान. (आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, ते पान वेगळ्या झाडाचं, एकाच्या जागी दुसरं घातलं तर वास बदलतो, हे लक्षात ठेवावं.) आंबट द्रव, लसूण आणि मुरवण ही युक्ती एकट्या फ्रान्सची नाही. पोर्तुगीज खलाशांनी वाइन-लसणात मुरवलेलं मांस गोव्यात आणलं, तिथे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला, लाल मिरची आली, आणि त्याचं विंदालू झालं. दोन्ही पदार्थ सख्खे नव्हेत, पण चुलत नक्कीच.

पुढचं काम चुलीपाशी. मांस मंद आचेवर, झाकण घट्ट लावून, थोड्या रसात शिजवण्याला फ्रेंचमध्ये 'ब्रेझे' म्हणतात, आणि 'ब्रेझ' म्हणजे निखारे. जुन्या पद्धतीच्या भांड्यांची झाकणं खोलगट असत, त्यावर निखारे ठेवत, म्हणजे आच खालून आणि वरून सारखी लागे. आपल्याकडे दम द्यायचा तो असाच. आणि चुलीशेजारचा वैल ज्यांनी पाहिला आहे त्यांना तर या स्वयंपाकाचं तत्त्व पटकन कळेल. मुख्य चुलीवर भाकरी होत असते, तिची जाळ-उष्णता आतल्या वाटेने वैलाखाली जाते, आणि तिथे ठेवलेली आमटी कुणी लक्ष न देता तासन्‌तास रटरटत राहते. स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारा वैल. मला त्याचं याहून नेमकं वर्णन सुचत नाही.

शेवटी रस्सा दाट करायचा. आज त्यासाठी लोण्यात मळलेला मैदा वापरतात, पण मूळ रीत कोंबड्याच्या रक्ताची. पक्षी कापताना रक्त वाटीत धरायचं, गोठू नये म्हणून त्यात चमचाभर व्हिनेगर टाकायचं, आणि भांडं उतरवायच्या वेळी ते रश्श्यात ढवळून घालायचं. मग उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं. सशाच्या 'सिव्हे' या रश्श्यातही हेच करतात. आपल्याकडे रक्ती खाणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही. शहरात खाटकाकडून कापलेला पक्षी आणायची पद्धत रुळली तशी रक्ताची वाटी स्वयंपाकघरातून गेली, आणि तिच्यासोबत त्या रश्श्याचा तो काळपट, मखमली रंगही.

बर्गंडीची लाल वाइन प्रसिद्ध झाली म्हणून हा पदार्थ लालच असतो असा समज आहे. तो खरा नाही. आल्सासमध्ये रीस्लिंग ही पांढरी वाइन घालतात आणि शेवटी साय. ज्युरा प्रांतात तिथली पिवळी वाइन, 'व्हँ जोन', आणि मोरेल अळंबी. शँपेनच्या प्रदेशात शँपेन. जिथे जी वाइन, तिथला तो कोंबडा.

सीझर, राजा आणि पुरावा

प्रत्येक लोकप्रिय पदार्थाला एक राजा चिकटतोच. याला दोन चिकटले आहेत.

पहिली कथा ज्युलियस सीझरची. इसवी सनपूर्व ५२ मध्ये गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, टोळ्यांचा नायक व्हर्सिंजेटोरिक्स याने सीझरला आव्हान म्हणून एक झुंजार कोंबडा पाठवला. सीझरने तो वाइनमध्ये शिजवून त्यालाच जेवायला बोलावून वाढला. कथा देखणी आहे. लॅटिनमध्ये 'गालुस' म्हणजे कोंबडा आणि गॉलचा रहिवासी, दोन्ही, त्यामुळे तिला श्लेषाचीही झालर आहे. पण स्वतः सीझरने गॉलच्या युद्धाचा जो तपशीलवार वृत्तान्त लिहून ठेवला, त्यात हा प्रसंग नाही. त्यात कोंबडीचा उल्लेख येतो तो ब्रिटनच्या संदर्भात: तिथले लोक ससा, कोंबडी आणि हंस खाणं निषिद्ध मानतात, केवळ हौसेसाठी पाळतात, असं तो नोंदवतो. म्हणजे असल्या बारीकसारीक गोष्टी टिपणारा माणूस होता तो. शिवाय त्या काळी गॉलमध्ये प्यायली जाणारी वाइन मुख्यतः इटलीहून मोठ्या मातीच्या कुंभांतून येत असे. एका म्हाताऱ्या कोंबड्यासाठी ती ओतणं हा शेतकऱ्याचा काटकसरी स्वयंपाक नव्हे.

ही कथा ओव्हेर्न्य आणि बर्गंडी दोघांनाही प्रिय आहे, कारण व्हर्सिंजेटोरिक्सने सीझरला हरवलं ते जेर्गोव्हिया ओव्हेर्न्यमध्ये, आणि तो शरण आला ते अलेझिया बर्गंडीत. अलेझियाच्या टेकडीवर तिसऱ्या नेपोलियनने १८६५ मध्ये त्याचा भव्य पुतळा उभारला. गॉल हे आपले पूर्वज, ही भावना एकोणिसाव्या शतकात फ्रान्सने जाणीवपूर्वक जोपासली. घरच्या रश्श्याला दोन हजार वर्षांचा मान मिळावा, अशीच ती हवा होती.

दुसरा राजा चौथा हेन्री. राज्य १५८९ ते १६१०, जन्म पो या गावचा, बेआर्न प्रांतातला. माझ्या राज्यातल्या प्रत्येक कष्टकऱ्याच्या भांड्यात रविवारी कोंबडी शिजावी, असं तो म्हणाला, ही गोष्ट फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती लिहून ठेवली पेरेफिक्स या धर्मगुरूने, जो चौदाव्या लुईचा शिक्षक होता, आणि तीही हेन्रीच्या मृत्यूनंतर अर्धं शतक उलटल्यावर. बालराजाला आदर्श आजोबा दाखवण्याचा हेतू त्यामागे असणार, हे उघड आहे. तरी ही कथा मला सीझरच्या कथेपेक्षा मोलाची वाटते, कारण ती एक खरी गोष्ट सांगून जाते: कोंबडी शिजणं ही सामान्य घरात रोजची गोष्ट नव्हती, ते स्वप्न होतं. मात्र तिच्यातला पदार्थ 'पूल ओ पो' आहे, पाण्यात भाज्यांसोबत उकळलेली कोंबडी. कॉक ओ व्हँशी तिचा संबंध जोडतात तो नावाच्या साधर्म्यामुळे.

कागदावरचा पुरावा शोधायला गेलं तर बरंच अलीकडे यावं लागतं. १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या घरांसाठी एका फ्रेंच बाईने लिहिलेलं पाकपुस्तक निघालं, त्यात पांढऱ्या वाइनमधल्या चिकनची कृती सापडते. 'कॉक ओ व्हँ' या नावाने कृती छापली जाते ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. एवढा उशीर का? कारण तोवरची छापील फ्रेंच पाककला ही राजवाड्यांची, सरदारांच्या मुदपाकखान्यांची आणि नंतर पॅरिसच्या हॉटेलांची होती. म्हातारा कोंबडा त्या पानांत बसत नव्हता. जी बाई तो शिजवत होती तिला तो लिहून ठेवण्याची गरज नव्हती, आणि जो लिहीत होता तो तिच्या घरी जेवायला जात नव्हता.

ते जाणं मोटारीमुळे सुरू झालं. १९०० मध्ये मिशलँ या टायर बनवणाऱ्या कंपनीने वाहनचालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. पहिल्या महायुद्धानंतर क्युर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या मोरिस सायां याने मार्सेल रूफ या मित्रासोबत प्रांतोप्रांती फिरून तिथल्या खाण्यावर एकामागून एक पुस्तिका लिहिल्या. १९२७ मध्ये त्याला 'खवय्यांचा राजपुत्र' म्हणून निवडण्यात आलं. १९२१ मध्ये दिजाँ शहराने आपला खाद्यमेळा सुरू केला. गावच्या खाणावळीत जे शिजत होतं ते शहरी माणसाला अचानक अभिमानाचं वाटू लागलं. कॉक ओ व्हँ 'क्लासिक' झाला तो या काळात. दोन हजार वर्षं जुना नव्हे, पण ज्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या नाव न देता शिजवला, त्यांचं वय धरलं तर पुरेसा जुना.

घाईचं भांडं फ्रेंच, सावकाशीचं नव्हे

गंमत अशी की चिवट मांसाशी झटण्याचं पहिलं यंत्र फ्रेंच माणसानेच केलं, आणि ते वेग वाढवणारं होतं. ब्ल्वा शहराजवळ जन्मलेला दनी पापँ १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर एक घट्ट झाकणाचं भांडं घेऊन उभा राहिला. आत वाफ कोंडून दाब वाढवायचा, म्हणजे पाणी शंभर अंशांच्या वर जातं आणि हाडंसुद्धा मऊ पडतात. भांडं फुटू नये म्हणून त्याने झडपही बसवली. १६८२ मध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण घातलं, आणि जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत हाडं चीजसारखी मऊ झाल्याचं लिहून ठेवलं. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शिट्टी देणाऱ्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज.

फ्रान्समध्ये तो घरोघरी पोहोचला १९५३ नंतर, सेब या कंपनीच्या 'कोकोत-मिनूत'मुळे. सेब या नावातलं शेवटचं अक्षर बर्गंडीचं, आणि कारखाना दिजाँच्या उत्तरेला सेलोंजे या गावी. ज्या प्रांताने तीन तास शिजणारा कोंबडा जगाला दिला, त्याच प्रांतातून मिनिटांत शिजवणारं भांडं निघालं. जुनी पद्धतही संपली नव्हती. ल क्रूझेची मिना चढवलेली बिडाची भांडी १९२५ पासून फ्रेंच ओव्हनमध्ये जात होती, आणि आजही तिथल्या अनेक घरांत कॉक ओ व्हँ अशाच जड 'कोकोत'मध्ये होतो. विजेच्या स्लो कुकरसाठी फ्रेंचमध्ये 'मिझोतझ' असा गोड शब्द आहे, हळूहळू रटरटवणारी; पण ती वस्तू त्यांच्याकडे बाहेरून आली.

शनिवारचं भांडं

ती कुठून आली, हा या सगळ्या हकिगतीतला मला सर्वांत आवडणारा भाग.

शनिवार हा ज्यू लोकांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत काम बंद, विस्तव पेटवणंही बंद. (कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला 'शनवार तेली' हे नाव पडलं ते याचमुळे, त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी थांबत.) मग शनिवारी दुपारी गरम जेवण कसं मिळायचं? युरोपातल्या ज्यू बायकांनी काढलेला उपाय म्हणजे 'चोलंट'. कडधान्य, जव, मांस, कांदा एका भांड्यात भरायचा, शुक्रवारी संध्याकाळी ते गावातल्या भटारखान्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टी विझत असते, पण तिची ऊब रात्रभर टिकते. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडं घरी आणायचं.

चोलंट हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. त्यातला मूळ अर्थ 'गरम' असा. काहींच्या मते त्यात 'गरम' आणि 'हळू' असे दोन शब्द जोडलेले आहेत. आणि या पदार्थाचा जुना लेखी उल्लेख तेराव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या रब्बी आयझॅक बेन मोझेस यांचा. ते फ्रान्समध्ये शिकायला होते, आणि आपल्या गुरूंच्या घरी हे भांडं पाहिल्याचं त्यांनी लिहिलं आहे. पुढे फ्रान्समधून ज्यूंना हाकलण्यात आलं, ते पूर्वेकडे सरकत गेले, आणि फ्रेंच नावाचं ते भांडं लिथुआनियातल्या व्हिल्नापर्यंत जाऊन पोहोचलं.

व्हिल्नातली एक मुलगी दर शुक्रवारी आईने भरलेलं भांडं भट्टीवाल्याकडे पोहोचवत असे. मोठी होऊन ती अमेरिकेत गेली आणि ही आठवण आपल्या मुलाला सांगत राहिली. मुलाचं नाव अर्व्हिंग नाखुमझोन. जन्म १९०२ चा, व्यवसायाने अभियंता, डोकं सतत नव्या जोडण्यांत. विजेवर सरकत जाणाऱ्या अक्षरांचा बातमीफलकही त्याने बनवला होता. भट्टीऐवजी विजेची तार भांड्याभोवती गुंडाळली तर ऊब चहूबाजूंनी सारखी लागेल, आणि घर तापणार नाही, अशी त्याची कल्पना. १९३६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, २३ जानेवारी १९४० रोजी ते मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वाटणाऱ्या आडनावाचा त्रास नको म्हणून त्याने ते बदलून नॅक्सन केलं, आणि त्याचं भांडं 'नॅक्सन बीनरी' या नावाने विकलं गेलं. नावातल्या 'बीन'प्रमाणे ते घेवड्यासारखं कडधान्य शिजवायचं भांडं मानलं गेलं, आणि तेवढंच खपलं.

१९७० मध्ये नॅक्सनने निवृत्त होताना व्यवसाय कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. कंपनीच्या लोकांनी त्यात कडधान्यापलीकडचं शिजवून पाहिलं, बाहेरचं रूप बदललं, आणि १९७१ मध्ये शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ते 'क्रॉक-पॉट' म्हणून मांडलं. अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी भरून ठेवायचं, संध्याकाळी येऊन वाढायचं, याची गरज होतीच. १९७३ च्या तेलटंचाईने विजेच्या बिलाकडे लक्ष वेधलं, आणि हे भांडं ओव्हनच्या मानाने फारच कमी वीज घेतं. १९७४ मध्ये आतली मातीची कुंडी काढून धुता येऊ लागली. १९७५ मध्ये मेबल हॉफमन यांचं या भांड्यासाठीच्या पाककृतींचं पुस्तक निघालं आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या.

कोंबडा कधी बदलला

क्रॉक-पॉट आलं तेव्हा अमेरिकेला कॉक ओ व्हँ ठाऊक झालेला होता. पॅरिसमध्ये राहून स्वयंपाक शिकलेल्या ज्युलिया चाइल्ड यांनी सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल यांच्यासोबत लिहिलेलं फ्रेंच पाककलेचं पुस्तक १९६१ मध्ये आलं, १९६३ पासून त्या बोस्टनच्या दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या, आणि हा रस्सा त्यांच्या नावाशी जोडला गेला. पण अमेरिकन गृहिणीला म्हातारा कोंबडा मिळणार कुठून? त्यांनी प्रामाणिकपणे बाजारात मिळणारा कोवळा पक्षी घेतला, आणि त्याप्रमाणे वाइनमध्ये शिजवण्याचा वेळही अर्ध्या तासावर आणला. हे लक्षात घ्या. पक्षी बदलला तसा त्यांनी वेळ बदलला.

तो कोवळा पक्षीही नुकताच घडवलेला होता. १९४८ मध्ये अमेरिकेत 'उद्याचं चिकन' नावाची स्पर्धा झाली, सर्वांत रुंद छातीची आणि झटपट वाढणारी जात शोधण्यासाठी. तिथून पुढे सहा-सात आठवड्यांत दोन किलोंचा होणारा ब्रॉयलर जगभर पसरला, आपल्याकडेही. फ्रान्सने याला थोडा विरोध केला. ब्रेसच्या निळ्या पायांच्या, पांढऱ्या पिसांच्या, लाल तुऱ्याच्या कोंबडीला १९५७ मध्ये कायद्याने प्रदेशनामाचं संरक्षण मिळालं, आणि १९६५ मध्ये लांद प्रांतातल्या कोंबडीला पहिलं 'लाबेल रूज' हे दर्जाचं चिन्ह मिळालं, ज्यात पक्षी किमान ८१ दिवसांचा झाल्याशिवाय कापता येत नाही.

यानंतर जे घडलं त्यातून आजचा घोटाळा उभा राहिला. स्लो कुकरसाठी लिहिणाऱ्यांनी ज्युलिया चाइल्ड यांचा कोवळा पक्षी घेतला आणि म्हाताऱ्या कोंबड्याचा वेळ घेतला. सहा आठवड्यांच्या पक्ष्याला आठ तास. त्यात चोलंटचं तत्त्व बसत नाही, कॉक ओ व्हँचंही नाही. सकाळी लावून ऑफिसला जायची सोय मात्र होते.

मग कुंडीत काय घालायचं

इतिहास इतका सांगितल्यावर कृती तिथूनच निघते. गावठी कोंबडा मिळाला तर स्लो कुकर हे त्याचं घर आहे. मंद सेटिंगवर सात-आठ तास त्याला खुशाल द्यावेत. पुणे-मुंबईत, कोकणात, कोल्हापुरात तो मिळतो, म्हणजे या बाबतीत आपण पॅरिसच्या सुपरमार्केटपेक्षा मूळ पदार्थाच्या जवळ आहोत. ब्रॉयलर असेल तर फक्त तंगड्या घ्याव्यात, हाडासकट, आणि चार तासांत थांबावं. छातीचे तुकडे यात घालू नयेत. ते शिजून चांगले लागतील असा कुठलाच वेळ स्लो कुकरमध्ये नाही.

'लो' आणि 'हाय' या दोन सेटिंगांत शेवटी पोहोचायचं तापमान जवळपास एकच असतं, उकळीच्या जरा खाली. फरक तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. म्हणूनच फ्रीजरमधलं गोठलेलं चिकन थेट टाकू नये. चार ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, आणि गोठलेला तुकडा त्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतो.

दुसरी गोष्ट रंगाची. मांस भाजल्यावर जो खमंग तपकिरी थर येतो, त्याची रसायनक्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केली. तिला साधारण १४० अंशांची कोरडी आच लागते, आणि स्लो कुकर शंभरीलाही पोहोचत नाही. म्हणून तुकडे आधी तव्यात किंवा जाड कढईत डुकराच्या चरबीवर किंवा लोण्यात चांगले लाल करायचे. ही पायरी गाळली तर तो रस्सा नव्हे, उकडलेलं चिकन.

तिसरी वाइनची, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. उघड्या चुलीवर किंवा ओव्हनमध्ये वाइन तासन्‌तास आटत जाते. स्लो कुकरचं झाकण वाफ परत आत सोडतं. जे ओतलं तेवढं राहतं, वर मांसाचं पाणी सुटतं. तेव्हा वाइन आधी त्याच कढईत ओतून, तळाला चिकटलेलं खरवडत, निम्मी आटवावी आणि मगच कुंडीत घालावी. तिचा कच्चा झणका तिथेच जातो. नाशिकची लाल वाइन खुशाल वापरावी, फक्त फार तुरट नको. आटल्यावर तुरटपणा आणखी वाढतो. गाजर आणि कांदा कुंडीच्या तळाशी, मांस वर, कारण आंबट रसात भाज्या मऊ व्हायला मांसापेक्षा जास्त वेळ लागतो. झाकण मधे मधे उघडू नये, प्रत्येक वेळी गेलेली ऊब परत यायला वीसेक मिनिटं जातात. नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला कुकर असेल तर त्याचा व्होल्टेज पाहून घ्या. तो १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० वर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला की जळतो.

अळंबी आणि छोटे कांदे मात्र कुंडीत शिजवू नयेत. बर्गंडीतही ते वेगळे परततात. अळंबी लोण्यात, मोठ्या आचेवर, पाणी आटून कडा लाल होईपर्यंत. कांदे चिमूटभर साखरेसोबत, चकाकी येईपर्यंत. चिकन शिजलं की बाहेर काढून झाकून ठेवायचं, रस गाळून कढईत पुन्हा आटवायचा, लोण्यात मळलेला चमचा-दोन चमचे मैदा त्यात विरघळवायचा. मग सगळं एकत्र करायचं, आणि जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करून वाढायचं. खरा कोंबडा असेल तर सकाळी तो रस्सा वडीसारखा थिजलेला दिसेल.